शिवलेला काटा

सुग्रताबाई कोणाच्या घरी गेली की आधी माणसांकडे नाही, छताकडे बघायची. एकेक कवेलू, म्हणजे कौल, नजरेनं तपासून झालं की मग विचारायची, "बरं हाये ना?"

२००३ साली बदली होऊन मी केशोरीच्या शाळेत आलो, तेव्हा ही आमची शेजारीण. जंगलात पडलेले सायाळीचे काटे वेचायचे, उकळायचे, टोकं छाटायची आणि लाल दोऱ्यानं आपल्या पोलक्यावर, पिशवीवर ओळीनं शिवायचे, हा तिचा उद्योग. ती चालली की खांदे खुळखुळत. बकऱ्यासुद्धा बाजूला होत. सायाळीचा काटा ज्या घरात खोचला त्या घरात भांडणं लागतात, ही गावाची पक्की समजूत. त्यामुळे ती दिसली की बाया दारं लावून घेत. मी विज्ञानाचा मास्तर, मी दार लावत नसे. नुसतं ओढून घेत असे.

त्या हिवाळ्यात आम्हा नवराबायकोचं आठ दिवस वाजत होतं. माहेरी जायला बायकोनं ट्रंक भरायला घेतली. त्याच सकाळी चुलीवरची जळमटं काढताना कवेलूंतून काटा पडला. काळापांढरा, वीतभर. ती पांढरीफटक पडली. मीही दोन पावलं मागे सरलो. विज्ञान काही आठवेना.

काटा चिमट्यात धरून मी जाब विचारायला शेजारी गेलो. पण तो बघून सुग्रताबाईच माझ्यापेक्षा जास्त घाबरली.

"मास्तर, बाईनं पेटी तं नाई भरली?"

तिनं काटा हिसकून घेतला, उन्हात फिरवून पाहिला. "हा तो नोहे," म्हणाली आणि टोक छाटून लगेच पिशवीवर शिवायला बसली. उकळायलाही थांबली नाही. घाईत सुई दोनदा बोटात गेली.

"शिवलेला काटा भांडत नाई, मास्तर."

'तो' म्हणजे कोणता, मी विचारलं. लग्न होऊन नवी आली तेव्हा, दिसायला छान म्हणून, तिनंच एक काटा आणून भिंतीत खोचला होता. तिसऱ्या दिवशी भाजीतल्या मिठावरून भांडण झालं आणि नवरा रायपूरकडे निघून गेला, तो परत आलाच नाही. काटाही दिसेनासा झाला. तेव्हापासून दिसेल तो काटा ती उचलत होती, दुसऱ्या कोणाच्या घरात जाऊ नये म्हणून.

पिशवीच्या मधोमध तिनं एका काट्यापुरती जागा मोकळी ठेवली होती.

"तो भेटला का इथं शिवून टाकीन. मंग येते ना माणूस."

बायकोनं संध्याकाळी ट्रंक रिकामी केली. काटा शिवला म्हणून की मी तोंड आवरलं म्हणून, हे मी विचारलं नाही. आमच्या कवेलूंत तो कोणी खोचला, तेही कधी कळलं नाही.

त्यानंतर सुग्रताबाई आमच्या छताकडे बघू लागली की मला धडधडायचं. भीती काट्याची नव्हती. तिचा तो काटा खरंच सापडला, तिनं शिवला, आणि कोणी आलंच नाही तर?