मशीन ऐकायलंय

आमच्या बोरी गावात तात्यांच्या शेतात जायचं तर बांधावर चपला काढाव्या लागतात. तिथं देऊळबिऊळ काही नाही. भूकंप मोजायचं मशीन आहे.

"हळू पाय टाका, मशीन ऐकायलंय," तात्या कुजबुजतात. स्वतःला ठसका लागला तर विहिरीपलीकडं जाऊन खोकून येतात.

आमच्याकडं जमीन अधूनमधून गुरगुरते, म्हणून सरकारनं हे बसवलं. एक इंजिनिअर मॅडम आल्या होत्या. काळी माती उपसून खडक लागेपर्यंत खड्डा खणला, खडकावर सिमेंटचा ओटा बांधला. ओट्यावर डब्याएवढं मशीन, उत्तर दिशा साधून, पातळीचा बुडबुडा मधोमध आणून ठेवलं आणि वर थर्माकोलची पेटी पालथी घातली. गार-गरम झालं तरी त्याची रेघ हलते म्हणे.

"काका, इथं तुम्ही चाललात तरी मला ऑफिसात दिसेल," मॅडम जाता जाता म्हणाल्या. तात्यांनी ते सुपारीसारखं गालात धरून ठेवलं.

पोळ्याला तर कहर झाला. बैलांच्या घुंगरमाळा काढा, असा तात्यांचा हट्ट.

"आन् बैलांला काय सांगू, चवड्यावर चाला म्हणून?" शेजारच्या किसननं विचारलं.

"सांगून तर बघ. लय समजदार जनावर हाय."

अशा माणसाच्या शेतातून रोज सकाळी ऑफिसात धपधप उमटायला लागली. मॅडमचा फोन आला तेव्हा मी तात्यांजवळच बसलो होतो. तात्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"काका, मशीनजवळ रोज कोण नाचतं? असंच चाललं तर ते दुसरीकडं हलवावं लागेल."

तात्यांचा चेहरा पडला.

"मीच पाय आपटायलोय, मॅडम. पोरं पुण्याला, बायको गेली. आज म्हातारा उठला का न्हाई, कुणाला तरी कळावं म्हणून."

मला आलेलं हसू मी गिळलं.

"काका, एकदाच आपटत जा," मॅडम म्हणाल्या. "मी ओळखेन. आणि शेजाऱ्यांचा नंबर देऊन ठेवा." तात्यांनी माझा दिला.

गेल्या आठवड्यात सकाळी चहा घेत होतो, तर मलाच मॅडमचा फोन. "जरा काकांकडं जाऊन बघता का? आज रेघ सरळच आहे."

मी शेतातून धावत सुटलो. आखाड्यावर, शेतातल्या खोपटात, तात्या तापानं फणफणलेले. त्यांनी डोळे किलकिले करून माझ्या पायांकडं पाहिलं.

"चपला?"

"राहू द्या चपला. मॅडमनं पाठवलंय मला. आज तुम्ही दिसला नाहीत म्हणाल्या."

तात्यांनी गोधडी तोंडावर ओढली आणि आवाज न करता रडले.