उजवं बोट पडतंच

आमचे दगडूअण्णा माऊसचं डावं बटण दाबून काही सरकवायला लागले, की त्यांचं बोट आपसूक उजव्या बटणावरही पडतं. पत्रिका डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तसं केलं, की वस्तू हलत नाही. तिची नक्कल नव्या जागी जाते आणि मूळ वस्तू होती तिथेच राहते. राजूरच्या त्यांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात मी पाच वर्षं काम करतेय आणि त्यातली निम्मी पत्रिकांवरचे जादा गणपती पुसण्यात गेली.

"अण्णा, उजवं कशाला दाबता?"

"आगं, नुसतं उचलून नेलं म्हंजी जागा मोकळी पडती. बरं दिसतं व्हय ते?"

एकदा तर एका पत्रिकेवर नवरदेवाचं नाव दोनदा आलं. नवरीचा मामा चष्मा पुसून पुसून बघत होता. अण्णा शांतपणे म्हणाले, "असू द्या की. एक तरी येळंवर यील."

गेल्या महिन्यात त्यांच्या धाकट्या मुलीची पत्रिका करायला घेतली. अण्णांचे थोरले भाऊ, दादा, समोर येऊन बसले. नातेवाइकांच्या यादीत 'सौ. सुनीता' दिसलं आणि त्यांचा आवाज चढला. सुनीता अण्णांची थोरली मुलगी, माझी शाळेतली मैत्रीण. सहा वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव कोणी काढत नव्हतं.

"हिचं नाव काढ, दगडू. न्हाईतर मी मांडवात येत न्हाई."

अण्णांनी नाव उचललं, पत्रिकेबाहेर पडद्यावरच्या मोकळ्या जागेत नेलं. बोट पडलंच. एक सुनीता बाहेर, एक आत.

"काढलं का?"

"काढलं की. हे काय, भाईर."

दादांनी बाहेर पाहिलं, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. परत काढायला लावलं. बाहेर दोन झाल्या. मग तीन. "मशीनच बिघडलंया," म्हणत ते तणतणत निघून गेले.

ही सवय होती की मुद्दाम, मला काही कळेना. मी बाहेरची नावं पुसली आणि आतल्या नावापाशी थांबले.

"अण्णा, हे?"

"ऱ्हाऊ दे. छाप."

"आणि दादा?"

"बघू."

पहिली पत्रिका त्यांनी स्वतः पाकिटात घातली. माझ्याकडे न बघता विचारलं, "सुनीचा पत्ता ठावं हाय न्हवं तुला?"

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. नगरला खेटून असलेल्या भिंगारचं नाव आलं आणि पेन थांबलं.

"भिंगार?" ते म्हणाले. "दर म्हैन्याला कोऱ्या पत्रिका आणाया नगरलाच जातो की गं मी."