मामांनी नाकारलेलं डिझेल

माझे वडील मोंढ्यात पोती उचलायचे, आई लोकांची धुणीभांडी करायची. नवीन जालन्यात रुळांकडेच्या पत्र्याच्या एका खोलीत आम्ही पाच माणसं राहायचो. शेजारी शंकरमामा. नात्याने कुणी नाहीत, पण हक्काने रागावणारे.

मामा रेल्वेच्या वाफेच्या इंजिनावर कोळसा घालणारे फायरमन होते. फायरमनने सिग्नल मोठ्याने सांगायचा आणि ड्रायव्हरने तो परत म्हणायचा, ही तिथली पद्धत. इंजिनं कधीच भंगारात गेली, मामांची पद्धत काही गेली नाही. रस्त्यात "म्हैस आडवी!" असं ओरडून ते थांबतात आणि सोबतच्याने "म्हैस आडवी!" म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. जेवताना "वरणात मीठ न्हाई!" अशी आरोळी आली की मामींनी आधी "मीठ न्हाई!" म्हणायचं, मगच डबा उघडायचा. मी बी.कॉम. झाले, आमच्या घराण्यात पहिली. मामांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून "सिग्नल डाउन!" अशी ललकारी दिली. म्हणजे रस्ता मोकळा.

डिझेल इंजिनाचं नाव काढलं की मात्र मामांची छाती फुगायची. "साहेब म्हनले, शंकर, ट्रेनिंगला चल. म्या म्हनलं, बिलकुल न्हाई! त्याला ना धूर, ना धाप. बटनं दाबायला मी काय लिफ्टवाला हाय?" मग त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. हे सगळं गल्लीला पाठ होतं.

गेल्या वर्षी मामींना साखरेसाठी इन्सुलिन सुरू झालं. सुई मामाच भरायचे. एका सकाळी मी गेले, तर खिडकीशी सुई धरून त्यांचा अंदाज चाललेला. हातातून घेऊन पाहिली. जवळजवळ दुप्पट औषध होतं.

"मामा, डोळे तपासून घ्या."

"माझे डोळे? पार तिकडं राजूरच्या गनपतीचा कळस इथून बघतो मी!"

"कळस दिसून राह्यला, अन् सुईवरची रेघ दिसंना?" मामी आतून म्हणाल्या. "दवाखान्यात चला. तवर मी सुईच घेत न्हाई."

मामांनी गुपचूप टोपी घातली.

आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. तिथे त्यांचं नाव पुकारलं, तर ते बाकावरून उठेचनात. मामींकडे वळून, जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "डिझेल म्या नाकारलं न्हाई गं. डोळ्यात नापास केल्तं मला. आज बी तसंच झालं, तर तुझी सुई कोन भरील?"

"ठावं हाय मला," मामी म्हणाल्या. "त्या साली तुमी विजेच्या खांबाला रामराम घातल्ता."

"मंग इतके साल बोलली न्हाईस?"

"खांब तरी कुठं बोलला? अन् तुमी सांगताना लई खुशीत दिसायचे. उठा आता, जल्दी."

मामा उठून आत गेले ते मामींचा हात धरूनच. तपासणीत मोतीबिंदू निघाला.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. तोवर बियाण्याच्या कंपनीत कामावर जायच्या आधी रोज सुई मी भरून दिली. आता मामा स्वतः भरतात, बराबर रेघेपर्यंत. मामींची साखर ताब्यात आहे.