टाकळीकर सरांचा बारीक आवाज

टाकळीकर सरांचा देह पहिलवानाचा आणि आवाज चिमणीचा. प्राणिशास्त्राचे हे सेवानिवृत्त प्राध्यापक बोलू लागले, की गारखेड्यातील आमच्या सोसायटीचा रखवालदार आधी त्यांच्या पाठीमागे कोण आहे ते पाहतो. हा किणकिणाट शांततेचा भंग आहे, अशी लेखी समज मी त्यांना दिली होती. त्यांनी ती वाचून शाबासकी दिली.

दुष्काळ होता, तरी इमारती उठतच होत्या. रस्ता अडवणाऱ्या ज्या बांबूंच्या परांचीविरुद्ध मी महापालिकेस अर्ज करीत असे, तिच्याखाली सर भक्तिभावाने उभे!

“वकीलसाहेब, पेशीतही अशीच परांची असते बघा, धाग्यांची. धागा कुठं बांधायचा ते एक प्रथिन ठरवतं. तो मुकादम. मुकादम बिघडला की लई घोळ!”

“मग त्याच्यावर फौजदारी करा.”

“तो बिघडून येतो आज्या-पणज्यांकडून. समन्स कुणाकुणाला काढता?”

त्यांची नात ईरा अभ्यासाला बसली, की सर मागे उभे राहून खालच्या सुरात भुंग्यासारखे गुणगुणत. पोर वैतागे. या छळाचा मी रीतसर जाब विचारला, तेव्हा ते खुर्चीत बसले.

“आमची ही सिल्लोडची. त्यांच्या घराण्यात कानातला हा मुकादम बिघडलेला. आधी खालचे सूर जातात. चमचा पडला तर तिला कळायचं, माझा जाड आवाज पोचायचा नाही. मला वाटलं, मुद्दाम करते. मी अबोला धरला हो! निदान झालं त्या दिवसापासून बारीक बोलायला लागलो. मग काही वर्षं आम्ही लई बोललो. ती गेली, आवाज काही खाली उतरला नाही.”

तोच दोष मुलीत, ईराच्या आईत, शुभदात, उतरला होता. ईरात उतरण्याची शक्यता निम्मी. आणि ऐकू कमी होऊ लागते ते तिच्याच वयात; खालचा सूर तिला पोचतो का, हे पाहायला ते गुणगुणणे. तिचे रक्त तपासणीस गेले होते.

परवा शुभदाच्या मोबाइलवर निरोप आला : ईरात तो दोष नाही. सर मला ते सांगायला आले. त्यांच्यामागून आलेली ईरा एकदम खिडकीकडे वळली.

“आजोबा, टँकर!”

मला काहीच ऐकू आले नव्हते. क्षणभराने दूरच्या वळणावर घरघर उमटली आणि जिन्यात हंड्याबादल्यांची धावपळ सुरू झाली.

“काय आलं म्हणालीस?” सरांनी विचारले.

“टँकर!”

“परत सांग.”

“अहो आजोबा, उठा ना! पाणी संपेल!”

“संपू दे गं,” सर म्हणाले. “तू सांग.”