शेषरावमामांची थरथरणारी गेम

जवळा बाजार या गावात शेषरावमामांकडे दुरुस्तीला दिलेली वस्तू परत आली, की ती थरथरायची. नुसतं बटण बसवून मागितलं तरी मामा आत एक मोटर टाकून देत. "हाताला कळलं पायजे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकाचं भिंतीवरचं घड्याळ गजर होताच खिळ्यावरून खाली आलं. तो तुकडे घेऊन भांडायला आला, तर मामा शांतपणे म्हणाले, "पर तुमी उठले का न्हाई?"

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या शेजारी. तेव्हा मोबाइल नवे होते. बिघडलेले मोबाइल मामा मागून घ्यायचे, त्यातली शेंगदाण्याएवढी मोटर काढायचे आणि तिच्या टोकावर एका बाजूने कथलाचे थेंब चढवायचे. वजन एका अंगाला पडलं की मोटर जास्त हिसके देते म्हणे. हा सगळा उद्योग हातात धरून खेळायच्या एका व्हिडिओ गेमसाठी चालला होता, जिच्यात वरून विटा पडतात. एकदा त्यांनी तिच्यात टेपरेकॉर्डरची मोटर बसवली. गेम टेबलावरून चालत येऊन माझ्या चहात पडली.

"अजून कमी हाये," ती चहातून काढत मामा म्हणाले.

ही गेम मामींची. विटा रचण्यात त्या कुणाला हार जात नसत. पण साखरेच्या आजाराने बोटं बधिर झाली, बटण दाबलं गेलं की नाही ते कळेना. मामींनी गेम डब्यात टाकली, आणि हळूहळू बोलणंही कमी केलं.

"दिसभर गप बसून राहती," मामा एकदा म्हणाले. "ते मला सोसत न्हाई."

एका बाजाराच्या दिवशी मोटर मनासारखी जमली. मोटर बसवताना काढलेले गेमचे सेल माझ्या टेबलावर विसरून मामा तसेच घरी धावले. मी सेल घेऊन मागे गेलो.

मामी दारात गेम घेऊन बसल्या होत्या, डोळे मिटून. "उघडू नको, पाहून सांगशील," मामा बजावत होते. "दाब आता. लागलं का?"

"व्हय तं," मामी म्हणाल्या. "लई जोरात."

मामांचं लक्ष माझ्या हातातल्या सेलकडे गेलं. त्यांनी ते घेऊन गुपचूप खिशात टाकले. "मंग? म्या काय म्हनलो होतो?" असं मामींना म्हणाले. मी लगेच परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा गेम खोलून बसले होते.

"मामी तर लागलं म्हणाल्या," मी म्हणालो.

"सेल टाकून बी विचारलं. तसंच म्हनली, लई जोरात." त्यांनी पेचकस खाली ठेवला. "ती बोलली रे. तिची बोटं अजून न्हाई बोलली."

मग त्यांची नजर माझ्या झेरॉक्स मशीनकडे गेली. "याच्यात मोटर केवढी हाये?"

मी उठून मशीनचं मागचं झाकण उघडून दिलं.