दुसरा हात कोणाचा

शेवटी गुन्हेगार सापडला, गाडी हिरवीगार झाली आणि सगळ्यांनी मिळून चहा घेतला. पण चहा पितापिताच असं ठरलं की यातलं काहीही घडलेलं नाही. तेव्हा वाचकांनीही हे वाचलेलं नाही असं समजावं आणि चेहरा साधा ठेवावा. थोरल्या जावयाला शोध लावायचाय, त्याचा हिरमोड नको.

थोरला जावई गुप्तहेर होता. ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगत असे. "माझी नजर म्हणजे नजर नाही, झडती आहे," असं तो म्हणे. "माणूस नुसता चालत आला तरी तो कुठून आला ते मी सांगू शकतो." आणि सांगतही असे. "तिकडून," तो म्हणे, आणि ते बरोबर असे. त्याने कार्डंही छापून घेतली होती, पण ती तो देत नसे. दाखवून परत खिशात ठेवत असे, कारण पत्ता गुप्त होता. दिवसा तो पडद्यांच्या दुकानात कामाला होता. पडद्यामागचं सगळं आपल्याला कळतं, असं त्याचं म्हणणं होतं. आजवर त्याने पुष्कळ प्रकरणं हाताळली होती. हाताळली हा शब्द बरोबर आहे. सोडवली हा वेगळा शब्द आहे.

त्याचा सहायक म्हणजे धाकटा जावई. त्याला या कामावर कोणी नेमलं नव्हतं. तो नात्याने साडू होता, आणि साडू हे नातं लग्नात कोणी विचारून देत नाही, बायकोबरोबर आपोआप येतं.

धाकटा आणि त्याची बायको, म्हणजे धाकटी, सासऱ्यांच्या घरात खालच्या मजल्यावर राहत; सासरे वरच्या मजल्यावर एकटेच. 'घरजावई' हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नसे. थोरला तो फक्त फोनवर उच्चारत असे. अंगणात सासऱ्यांची जुनी गाडी उभी असे, गडद हिरव्या रंगाची. "कंपनीचा रंग आहे," सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "आजवर त्याला कोणाचा हात लागू दिलेला नाही." जावयांकडे ते त्या गाडीइतकं कौतुकाने कधी पाहत नसत, आणि जावयांना त्यात काही चुकीचंही वाटत नसे.

अशा सासऱ्यांनी बहिणीकडे जाताना गाडीची किल्ली धाकट्याच्या हातात ठेवली. "जपून," एवढंच म्हणाले. धाकट्याला त्या रात्री झोप लागली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपण या घरात जावई आहोत की भाडेकरू, हे त्याला त्या किल्लीनेच पहिल्यांदा सांगितलं. ती त्याने जपली. गाडीचं मात्र तसं झालं नाही. फाटकातून आत घेताना फाटकाची कडी गाडीला लागली आणि पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत एक पांढरी रेघ उमटली, पट्टी ठेवून मारावी तशी सरळ.

सासरे संध्याकाळी परतणार होते. सकाळी धाकटा हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि गडद हिरव्या ऑइल पेंटचा डबा, ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन आला. डब्यावर खिडकीच्या गजांचं चित्र होतं.

"काय करतोयस?" धाकटीने विचारलं.

"गाडी धुतोय," धाकटा म्हणाला. त्याच्या एका हातात ब्रश होता, दुसऱ्या हातात डबा, आणि नाकावर हिरवा ठिपका.

धाकटीने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "धू," ती म्हणाली आणि आत गेली.

एका बाजूलाच रंग दिला तर ती बाजू वेगळी दिसली, म्हणून त्याने दुसऱ्या बाजूलाही दिला. मग टप वेगळा दिसायला लागला. शेवटी सगळ्या गाडीला पहिला हात मारून झाला, तेव्हा ती गाडी कमी आणि पालकाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी जास्त दिसत होती. ब्रशचे फराटे चारी दिशांना गेले होते. रेघ तर जास्तच ठळक झाली होती. वाळू दे, मग दुसरा हात मारू, असं म्हणून धाकटा जेवला, पाठ टेकली आणि झोपला.

उठून बाहेर आला तेव्हा गाडीला दुसरा हात मारलेला होता.

फराटा नाही, ओघळ नाही, रेघेचा पत्ता नाही. गुळगुळीत, ओला, चकचकीत हिरवा. ब्रश धुऊन कठड्यावर उभा करून ठेवलेला. डब्याचं झाकण बसवलेलं. कोणीतरी फाटकातून आत आलं होतं, काहीही न चोरता काम करून गेलं होतं. म्हणजे कोणाला तरी सगळं माहीत होतं. आणि ज्याला माहीत आहे तो संध्याकाळी सासऱ्यांना सांगणार.

बायकोला विचारण्याची सोय नव्हती, कारण तिच्या लेखी तो गाडी धूत होता. धाकट्याने थोरल्याला फोन लावला, आणि लागल्यावर त्याला पश्चात्ताप झाला.

"दादा, जरा घोटाळा झालाय. एक हात जास्त झालाय."

पलीकडे थोरल्याने आवाज खाली आणला. "कोणाचा?"

"तेच कळत नाही ना."

"मी निघालो," थोरला म्हणाला. "हाताला हात लावू नकोस."

तो एक भली मोठी पिशवी आणि बर्फ घेऊन आला. बर्फ कशाला, हे धाकट्याने विचारलं आणि मग विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

"रंगाचा हात, दादा. पहिला मी मारला."

"आणि दुसरा?"

"माझा नाही."

"म्हणजे तुझा एक हात तुझा आहे आणि एक नाही," थोरल्याने शांतपणे सारांश काढला. त्याने बर्फ तिथेच कुंडीत ओतला, खिशातून भिंग काढलं आणि अंगण तपासायला घेतलं. वरच्या मजल्याच्या जिन्यापाशी त्याला ठेच लागली. तिथे चपलांचा एक जोड होता आणि शेजारी एक प्रवासाची बॅग. "वाटेत काय सामान टाकून ठेवता रे," तो म्हणाला. "तपासाला अडथळा होतो." त्याने चपला पायानेच बाजूला सारल्या आणि बॅग जिन्याखाली ढकलली. "चल. मूळ पकडायचं. डबा कुठून आला?"

हार्डवेअरवाला खिळे तोलत होता. थोरल्याने त्याला कार्ड दाखवलं आणि परत ठेवलं.

"या कामात एकूण किती हात असतात?"

"गाडीला ना? निदान दोन. तीन झाले तर बरं."

"टोळी," थोरला धाकट्याच्या कानात म्हणाला.

"पण आधी लांबी भरलीत का?" हार्डवेअरवाल्याने धाकट्याला विचारलं.

"लांबी अजून मोजलेली नाही," थोरला म्हणाला.

"अहो, मोजायची नाही, भरायची. खड्डे बुजवायला."

थोरल्याचा चेहरा गंभीर झाला. "खड्डा आहे," तो पुन्हा कानात म्हणाला. "कोणाला तरी पुरलंय."

"आणि अस्तर? अस्तर तरी दिलं होतं?"

इथे मात्र थोरला एकदम आपल्या पडद्यांच्या दुकानात आल्यासारखा झाला. "अस्तराशिवाय काही टिकत नाही," तो म्हणाला. "पहिल्याच धुण्यात आटतं." हार्डवेअरवाल्याने मान डोलावली. त्या दोघांमध्ये एवढ्याच बाबतीत एकमत झालं, आणि दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते.

धाकट्याने दुसऱ्या हाताचं वर्णन केलं. फराटा नाही, ओघळ नाही.

"मग हात बसलेला माणूस आहे," हार्डवेअरवाला म्हणाला. "हाच रंग, गाडीलाच, आधी कधीतरी मारलेला असणार. नाहीतर गजांचा रंग पत्र्यावर असा पसरत नाही."

"कुठे बसलेला आहे?" थोरल्याने विचारलं.

हार्डवेअरवाल्याने पुन्हा खिळे तोलायला घेतले.

परत येताना थोरला अचानक थबकला. शेजारच्या काकूंच्या खिडकीचे गज गडद हिरवे होते. तोच हिरवा. काकू खिडकीतच बसून मटार सोलत होत्या.

"हा रंग इथे कुठून आला?" थोरल्याने दरडावून विचारलं.

"डब्यातून," काकू म्हणाल्या.

"डबा कोणी दिला?"

"तुमच्या सासऱ्यांनीच की. जुनी गोष्ट आहे, पोरी लहान होत्या. उरलाय म्हणाले, वाया कशाला घालवायचा."

"सासऱ्यांना मध्ये आणू नका, काकू. ते बाहेरगावी आहेत."

"बरं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सासऱ्यांच्या वरच्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे एक ओला टॉवेल वाळत होता. "तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही गुप्तहेर."

"विषय बदलायची जुनी युक्ती," अंगणात आल्यावर थोरला म्हणाला. मग तो बराच वेळ येरझारा घालत राहिला. संध्याकाळ होत आली होती. धाकटा दर थोड्या वेळाने फाटकाकडे पाहत होता आणि खिशातली किल्ली चाचपत होता. ही किल्ली आज परत द्यावी लागणार, आणि मग पुन्हा कधी मिळणार नाही. सासरे काही बोलणार नाहीत. नुसते हात पुढे करतील. त्यापेक्षा बोलले तर बरं.

"सापडला," थोरला म्हणाला. "हात दाखव."

धाकट्याने दाखवले. दोन्ही हिरवे होते.

"घरात शिरण्याची खूण नाही. कुत्रं भुंकलं नाही."

"आपल्याकडे कुत्रं नाही, दादा."

"म्हणूनच भुंकलं नाही. म्हणजे गुन्हेगार घरचाच आहे, त्याला डबा कुठे आहे ते माहीत आहे, आणि त्या वेळी तू कुठे होतास? झोपला होतास. झोपेत चालणारी माणसं असतात, साडू. झोपेत रंगवणारी का नसावीत? दुसरा हात तुझाच आहे."

धाकट्याने यावर खरोखर विचार केला. झोपेत आपला हात इतका चांगला चालत असेल तर आपण जागे तरी कशाला राहतो, असं त्याला वाटून गेलं. सगळं मिळून ही त्यातल्या त्यात सोयीची शक्यता होती. मग बाहेरच्या कोणालाच काही माहीत नसणार.

"प्रकरण संपलं," थोरला म्हणाला आणि समाधानाने गाडीला टेकून उभा राहिला. टेकल्यावर त्याला आठवलं की रंग ओला आहे. त्याची शर्टाची बाही खांद्यापासून मनगटापर्यंत गडद हिरवी झाली आणि गाडीच्या दारावर एक लांबट चट्टा उमटला.

तेवढ्यात धाकटी ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये चार कप होते.

"आपण तिघंच आहोत," थोरला म्हणाला. त्याचे डोळे बारीक झाले. "चौथा कप कोणाचा?"

"बाबांचा," धाकटी म्हणाली. "दुपारीच आलेत. वर झोपले होते, उठले आत्ता. भाऊजी, तुमच्या बाहीला काय झालं?"

"दुपारी आले?" धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मला सांगितलं का नाहीस?"

"तू गाडी धूत होतास ना," धाकटी म्हणाली. "म्हटलं, व्यत्यय नको."

जिन्यावरून सासरे उतरले. चपला जागेवर नाहीत हे पाहून अनवाणीच आले. अंगात जुना बनियन, नखांत हिरवा रंग. त्यांनी आधी कप उचलला, मग दारावरचा चट्टा पाहिला, मग थोरल्याची बाही, आणि चहाचा घोट घेतला.

"तुम्ही संध्याकाळी येणार होतात," धाकटा म्हणाला.

"दर वेळी बहिणीशी भांडूनच निघतो. यावेळी भांडण सकाळीच उरकलं."

धाकट्याने किल्ली काढली आणि पुढे केली. "बाबा, कडी लागली. कंपनीचा रंग होता, मला ठाऊक आहे. मी..."

सासरे चहा पीत राहिले. किल्लीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"कंपनीचा रंग पांढरा होता," ते म्हणाले.

धाकट्याने वळून फाटकाच्या कडीकडे पाहिलं.

"हीच कडी," सासरे म्हणाले. "गाडी घेतली त्याच महिन्यात. दुकानात तेव्हा पांढरा शिल्लक नव्हता. हिरवा होता. मग एक बाजू केली, ती वेगळी दिसायला लागली..."

"म्हणून दुसरी केली," धाकटा म्हणाला.

"मग टप." सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "तुमच्या सासूबाईंनी विचारलं, काय करताय. मी म्हटलं, गाडी धुतोय."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"धुवा म्हणाल्या."

धाकटी ट्रेकडे पाहत उभी होती. तिचे ओठ जरा हलले, पण तिने हसू आवरलं.

"फराटे पाहून राहवेना," सासरे धाकट्याला म्हणाले. "ब्रश एकाच दिशेने ओढायचा असतो, जावईबापू. तुम्ही भांडी घासल्यासारखा फिरवलात. आता या टेकणाऱ्यांनी तिसऱ्या हाताची सोय करून ठेवलीच आहे. तो उद्या सकाळी. मारायचा तुम्ही, मी बघतो. किल्ली ठेवा खिशात, रंग लागेल तिला. आणि हे सगळं काही झालेलं नाही."

धाकट्याने किल्ली खिशात ठेवली. हातही त्याने खिशातच राहू दिला.

"माझा संशय पहिल्यापासून तुमच्यावरच होता, बाबा," थोरला म्हणाला. धाकटीने त्याच्यापुढे ट्रे धरला, तेव्हा त्याने चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या दाराखालून एक कागद आत सरकवलेला आढळला. तो असा:

"मा. सासरेबुवा यांस सविनय. विषय: बाहीबाबत. आपल्या अंगणात काल काहीही घडलेले नाही, असा निर्णय झाल्याचे मला मान्य आहे. तथापि न घडलेल्या प्रकरणाचा तपास करताना माझ्या शर्टाची डावी बाही प्रत्यक्षात हिरवी झालेली आहे. पडद्याचा रंग लागला, असे मी आपल्या थोरल्या कन्येस सांगितले असता तिने माझ्यासमोर दुकानात फोन लावला. तरी आपण सवडीने आमच्या घरी समक्ष येऊन, सदर बाही पूर्वीपासूनच हिरवी होती व उजवी बाही कालांतराने पांढरी पडली, असे तिला वडिलांच्या नात्याने लेखी प्रमाणपत्र द्यावे, ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक, गुप्तहेर (पत्ता गुप्त)."