वजा एकशे एकोणपन्नास कोटी मीटर

बसडेपोचा नवा प्रोग्राम बाबांच्या निवृत्तीच्या दिवसाआधी सुरू करायचाच, असा तिने हट्टच धरला होता. बाबांनी बत्तीस वर्षांत अठ्ठावीस लाख किलोमीटर बस चालवली होती. ड्रायव्हरांच्या यादीत तो आकडा आणखी भारदस्त दिसावा म्हणून तिने किलोमीटरचे मीटर केले. दोनशे ऐंशी कोटी!

"छापायच्या ओळीत नुसतं %ld टाकलंयस," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "डेपोतल्या जुन्या मशिनवर त्यात एवढा मोठा आकडा मावत नाही. PRId64 लिही, म्हणजे कुठेही नीट छापेल."

"इथे छापतंय ना? मग तिथे काय धाड भरलीय?"

शेवटच्या दिवशी सकाळी डेपोतल्या मशिनने यादी छापली. बाबांच्या नावापुढचा आकडा न मावल्याने उलटून झाला होता वजा एकशे एकोणपन्नास कोटी मीटर. ड्यूट्या लावणाऱ्या प्रोग्रामने तो निमूटपणे वाचला, पन्नास हजार किलोमीटरही झाले नाहीत म्हणून बाबांना शिकाऊ ठरवलं, आणि बस त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या एका ड्रायव्हरला दिली.

"यादी शिकाऊ म्हणते. किल्ली कशी देऊ?" खिडकीतला कारकून म्हणाला.

"अहो, बत्तीस वर्षं रोज तुम्हीच देताय!"

"रोज यादीत तसं लिहिलेलं असायचं."

बाबांनी मुलीला फोन लावला. "वजा म्हणजे काय गं? मी इतकी वर्षं रिव्हर्समध्ये होतो का?"

ती धावतपळत डेपोत पोचली. ओळ दुरुस्त करायला चार मिनिटं लागली. नवी यादी अगदी बिनचूक आली, पण नऊची बस केव्हाच सुटली होती. बाबांची शेवटची फेरी, आणि बाबा शेजारच्या सीटवर.

दुपारी बस परतली. ती फाटकातच उभी होती.

"बाबा, चुकलं माझं. मैत्रिणीने सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही."

"अगं, छान झाली फेरी! आरामात बसून आलो. डाव्या हाताला एवढं मोठं तळं आहे, मला आजवर पत्ताच नव्हता."

तिला जरा हायसं वाटलं. बाबा पायरीवरून उतरले आणि उजवा पाय घासत चालू लागले.

"पायाला काय झालं?"

"काही नाही गं." बाबांनी मान दुसरीकडे वळवली. "प्रत्येक वळणाला ब्रेक दाबत होतो. त्या सीटला ब्रेकच नाही."